सहाशे श्वानांच्या कानातला आवाज

गुरुवारी अकरा वाजता मंदाकिनीबाई भेटायला यायच्या, म्हणून गुरुवारी पावणेअकराला दामोदर खरमाट्यांच्या गळ्याला पट्टी चढायची.

दोन बोटं रुंद, करडी, अंगाला मऊ अशी ती पट्टी होती. घशातून निघालेला आवाज ती तिथल्या तिथे गिळायची आणि पुढच्या बारीक जाळीतून तेच शब्द दुसऱ्याच कुणाच्या आवाजात बाहेर सोडायची, अर्धी मात्रा उशिरा. आवाज वाईट नव्हता. स्टेशनवर गाड्यांच्या वेळा सांगणाऱ्या माणसासारखा स्वच्छ आणि सपाट होता. पण त्या आवाजात नवऱ्यानं गुडघ्याची चौकशी केली, की मंदाकिनीबाई परक्या माणसाला द्यावं तसं, खाली बघून उत्तर द्यायच्या.

जतच्या माळावर, पवनचक्क्यांच्या रांगेपलीकडे, श्वान-संगोपनाचं ते केंद्र होतं. दामोदरला तिथे राहून सात महिने झाले होते. त्याच्या खोलीच्या भिंतींना आतून जाड स्पंज लावलेला होता. एकटा असताना तो पट्टी काढू शकत असे, हवं तर गाऊही शकत असे. पहिल्या आठवड्यात त्यानं एकदा गाऊन पाहिलं. कापसाच्या पोत्यात तोंड घालून गायल्यासारखं वाटलं, तेव्हापासून सोडून दिलं. कुंपणाबाहेर जायला मात्र मनाई होती, पट्टी लावूनसुद्धा. त्याला कैदी म्हणत नसत. कागदावर त्याचं नाव 'संरक्षित आवाजधारक' असं होतं, आणि जेवणात रोज दही असायचं.

निवृत्त हवालदाराच्या गळ्याला एवढं जपायचं कारण काय, हे कळायला थोडं मागं गेलं पाहिजे.

दामोदर सांगलीच्या श्वानपथकात अठ्ठावीस वर्षं होता. त्याच्या हाती आलेली पहिली कुत्री जर्मन शब्दांवर शिकलेली होती. 'प्लाट्झ' म्हटलं की आडवी व्हायची, 'आउस' म्हटलं की तोंडातलं सोडायची. चोराला कुत्र्याशी बोलता येऊ नये म्हणून ही परकी भाषा. दुसरं कुत्रं आलं ते डच शब्दांवरचं, तिसरं हिंदीवरचं. माणसाची बदली झाली की कुत्रं जणू बहिरं व्हायचं. नवा माणूस त्याच्या भाषेत बोलायचा आणि कुत्रं जुन्या माणसाच्या वाटेकडे डोळे लावून बसायचं. दामोदर ते जर्मन शब्द इतक्या मायेनं आणि इतक्या सांगलीच्या हेलात म्हणायचा, की गावोगावची माणसं हसायची. कुत्री विलायतेला शिकून आली, हवालदार मात्र आपल्याच वेशीतला राहिला, म्हणायची.

ड्युटी नसेल त्या संध्याकाळी तो बायकोच्या मागं उभा राहायचा. मंदाकिनीबाई कीर्तनकार. पूर्वरंगात तत्त्व सांगून झालं, की उत्तररंगात त्या कथा अशी रंगवायच्या की पुढच्या ओळीतली म्हातारी माणसं उपरण्यानं डोळे टिपायची. दामोदर त्यांचा झीलकरी. कीर्तनकारानं पदाची ओळ म्हणायची, आणि त्याला श्वास घ्यायला सवड मिळावी म्हणून मागच्यानं त्या ओळीचं शेपूट उचलून धरायचं, ती झील. नाव कीर्तनकाराचं होतं, पण झील खाली पडली तर कीर्तन बसतं, हे ऐकणाऱ्यांना ठाऊक असतं.

डॉ. सेल्वी त्याला अशाच एका कीर्तनात भेटली. मूळची मदुराईची, पुण्यात राहून मराठी शिकलेली, आणि 'ळ' पुणेकरांपेक्षा नीट म्हणणारी. श्वानांच्या भाषेचा घोळ सोडवायला तिनं एक पट्टा बनवला होता. शास्त्र साधं होतं. श्वानाच्या मेंदूत शब्दाची ओळख एका बाजूला होते आणि सुराची दुसऱ्या बाजूला. शब्द ओळखीचा पण सूर कोरडा, किंवा सूर गोड पण शब्द भलता, तर श्वान अर्धंमुर्धं ऐकतो. दोन्ही जुळले तरच त्याच्या मेंदूतला आनंदाचा भाग तेवतो, आणि मग तो जीव ओवाळून टाकतो. सेल्वीच्या पट्ट्यात एक इवलं यंत्र होतं. बसवायला बंगाली माणसानं 'बोशो' म्हणावं, पंजाब्यानं 'बह जा' म्हणावं, तमिळ माणसानं 'उक्कार' म्हणावं. यंत्र त्याचा अर्थ ओळखायचं आणि जबड्याच्या हाडातून श्वानाच्या कानात एकच शब्द, एकाच आवाजात पोचवायचं. डोळे न उघडलेल्या पिलांना आईच्या दुधाबरोबर तो आवाज ऐकवला जायचा, म्हणजे जन्मभर तोच त्यांचा.

तो एक आवाज कुणाचा घ्यायचा, हाच प्रश्न होता. सेल्वीनं चाळीस माणसांचे आवाज तपासले. दामोदरच्या आवाजाला मेंदूच्या दोन्ही बाजू दिव्यासारख्या लागायच्या. ध्वनिमुद्रणाला त्याला सांगितलं होतं, आज्ञा सपाट म्हणा. त्याला ते जमेना. सा धरल्याशिवाय गळा उघडत नाही, म्हणाला. शेवटी पेटी आणली, काळी दोनची पट्टी धरली, आणि नऊ आज्ञा त्यानं झील उतरावी तशा, शेवटाला हलकेच खाली आणून म्हटल्या. सेल्वीनं हसून तशाच ठेवल्या. पुढच्या सहा वर्षांत सहाशे श्वान त्या आवाजावर वाढले आणि अकरा राज्यांत कामाला लागले.

मग ती दत्तजयंती आली. कृष्णाकाठच्या एका जुन्या दत्ताच्या देवळात मंदाकिनीबाईंचं जन्माचं कीर्तन होतं. मंत्री येणार म्हणून बंदोबस्ताला पथक आलं होतं. पाळणा झाला, दत्तनामाची झील दामोदरनं उचलली, वर नेली, आणि काळजातून खाली उतरवली. त्याच क्षणी बंदोबस्तातले चारही श्वान आपापल्या माणसांच्या हातातून दोऱ्या ओढत आले आणि मूर्तीसमोर ओळीनं बसले.

दत्ताच्या पायाशी चार श्वान असतात, चार वेद म्हणतात त्यांना. देवळात एक हुंदका उठला. माणसं साष्टांग पडली. कुणी बुक्का आणून दामोदरच्या कपाळाला लावला, कुणी त्याचे पाय धरले.

दामोदर श्वानांचा माणूस. श्वान का बसले, हे त्याला त्याच क्षणी कळलं होतं. झील उतरली तो सूर आणि 'बस'चा सूर एकच होता. तोंड उघडून सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण समोर माणसं रडत होती, मंदाकिनीच्या चेहऱ्यावर त्यानं लग्नातही न पाहिलेलं तेज होतं, आणि पाय धरले जात असताना आत काहीतरी गोड वाटत होतं. तो गप्प राहिला. कुणीतरी फोनवर त्या प्रसंगाची चित्रफीत काढली होती; मंदाकिनीबाईंनी ती हौसेनं सगळीकडे पाठवली आणि पुढच्या तीन गावांत उत्तररंगात तो प्रसंग सांगितला.

महिन्याभरानं हुबळीजवळच्या एका औषधांच्या गोदामात भरदुपारी, जेवणाच्या सुट्टीत, चोर शिरले. त्यांच्याकडे लोखंडी कांब होती आणि फोनवर ती फीत; श्वान कशाला बसतात हे त्यांनी तिच्यातच हेरलं होतं. पहारेकरी बसप्पा यानं सहाशेंतल्याच आपल्या कुत्रीला, चंपीला, कानडीत हाक दिली, 'हिडी', म्हणजे धर. पट्ट्यानं ती आज्ञा दामोदरच्या आवाजात तिच्या कानात सांगितलीही. पण बाहेर तोच आवाज, कितीतरी अधिक कळवळ्यानं, बसायला सांगत होता. चंपी बसली. बसप्पाचा उजवा पंजा कांबेखाली मोडत असताना ती तीन हातांवर कान टवकारून झील ऐकत होती.

त्यानंतर सात महिने दामोदर या माळावर होता. फीत सगळीकडून काढली म्हणाले, पण तिच्या प्रती किती फोनांत असतील याचा पत्ता नव्हता. त्या फितीत निदान 'बस'चाच सूर होता. 'धर'चा, 'सोड'चा सूर बाहेर गेला तर काय, ही व्यवस्थापकांना खरी धास्ती होती.

व्यवस्थापक चौबळ गृहस्थ सभ्य होते. त्या गुरुवारी त्यांनी एक कागद आणला. स्वरतंतूंवर छोटी शस्त्रक्रिया, वीस मिनिटांची. आवाज कायमचा बदलेल, बोलता येईल, गाता यायचं नाही. मग पट्टी नको, खोली नको, त्याच दिवशी घर. चौबळ कागद ठेवून गेले. दामोदरला वाटलं होतं, मंदाकिनीबाई रागावतील. त्या म्हणाल्या, सही करा.

"आवाज काय घेऊन बसलात," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "मला माणूस हवाय घरात. मी कीर्तनाला उभी राहते आणि मागं कुणी नसतं. तिथं तुम्ही नुसते उभे राहा."

दामोदरनं गळ्यावरची पट्टी चाचपली. बोलून तरी कुणाच्या आवाजात बोलणार होता? इथं राहिलं तर गळा शाबूत पण वापरता यायचा नाही. बाहेर गेलं तर वापरायला गळाच नाही. झाकण लावलेल्या डब्यात माशी फिरते तसं त्याचं मन फिरत राहिलं. आणि फीत ऐकून बसलेली चंपी, आपला गळा कापल्यावरही पुन्हा फीत लागली तर पुन्हा बसेलच, हे त्याच्या डोक्यातून जाईना. गळा जाईल आणि बसप्पाला त्याचा काहीच उपयोग नसेल.

बसप्पा आला तो दुसऱ्याच आठवड्यात, कुणाला न कळवता, चंपीला घेऊन. फाटकावर त्याला अडवलं. सेल्वीनं जाऊन सोडवलं. दामोदरनं सात महिने मनात घोळवलेली माफी हात जोडून म्हटली, आणि ती स्टेशनवरच्या आवाजात बाहेर पडली.

बसप्पा सेल्वीकडे वळला. हे कोण बोललं, असं त्यानं विचारलं.

सेल्वीनं सगळ्यांचे फोन बाहेर ठेवायला लावले आणि तिघांना स्पंजच्या खोलीत नेलं. नियमाविरुद्ध होतं ते. दामोदरनं पट्टी काढली. पहिले चार शब्द घोगरे निघाले. पाचव्या शब्दाला चंपी बसप्पाच्या पायापासून उठली, दामोदरजवळ आली आणि त्याच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून डोळे मिटून राहिली. दामोदरची माफी अर्धीच राहिली.

"बघा. हेच," बसप्पा म्हणाला. त्याचं मराठी सीमेवरचं, कानडी हेलाचं. "मला माफी नको काका, मला माझं कुत्रं पायजे. सहा वर्षं माझ्या हातची भाकर खाल्ली हिनं. पण माझा आवाज हिला ठावंच नाही. मी हाक मारतो, ही तुम्हाला ऐकते. मी नुसता वाढपी."

त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं वळत नव्हती. दामोदर त्यांच्याकडे बघत राहिला. मग चंपीच्या डोक्यावरचा हात त्यानं काढून घेतला. प्रयत्नपूर्वक.

सवय तुटते, तो म्हणाला. जी लावली ती तोडताही येते, पण लावणाऱ्यानंच तोडावी लागते. त्यानं समजावून सांगितलं. श्वान ऐकतो कारण ऐकल्यावर काहीतरी मिळतं; शाबासकी, घास, निदान एक नजर. आज्ञा द्यायची आणि काहीच द्यायचं नाही. पुन्हा द्यायची, पुन्हा काही नाही. तेल न घातलेला दिवा जसा मिणमिणत जातो, तशी सवय विझते. रागवायचं नाही, मारायचं नाही. नुसतं तोंड फिरवायचं. आणि त्याच वेळी बसप्पानं, पट्टा काढून, आपल्या भाषेत, आपल्या गळ्यानं बोलायचं आणि सगळं द्यायचं.

सेल्वी म्हणाली, लहानपणीचा ठसा इतका सोपा नसतो, प्रयोगशाळेत जमलेलं नाही. दामोदर म्हणाला, प्रयोगशाळेत तोंड कोण फिरवत होतं?

अकरा दिवस ते चालू होतं. दामोदर 'बस' म्हणायचा. चंपी बसायची आणि शेपटी हलवत वर बघायची. दामोदर भिंतीकडे वळायचा. अठ्ठावीस वर्षांत त्यानं असं कुठल्याही श्वानाशी केलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती त्याला वळसा घालून तोंडासमोर आली आणि पुन्हा बसली, आपल्याकडून काही चुकलं असावं तशी. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. सहाव्या दिवशी ती बसायला वेळ लावू लागली. खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यातून बसप्पा 'कुंद्रु' म्हणायचा, म्हणजे कानडीत बस, आणि बसली की डाव्या हातानं तिचं सगळं अंग चोळायचा. अकराव्या दिवशी दामोदरनं 'बस' म्हटलं तेव्हा चंपी बसप्पाच्या बुटाची नाडी चावत होती. तिनं मान वर केली नाही. बसप्पा रडला. दामोदरलाही रडू आलं, पण ते कशाचं हे त्याला नीट सांगता आलं नसतं.

हे सेल्वीनं वर कळवलं, सगळ्याच श्वानांची सवय अशी तोडू म्हणाली, आणि गदारोळ झाला. चौबळांचं म्हणणं, सहाशे श्वान तीन महिने कामावेगळे करायचे, ते कुणाच्या भरवशावर? दामोदरनं पट्टीच्या आवाजात शांतपणे विचारलं, की फीत बाहेर आहेच, मग माझा गळा कापून चोराच्या फोनातला माझा गळा कसा कापाल? बैठकीत बसलेल्या पोलीस अधीक्षक शाहीन तांबोळींनी तेव्हा पहिल्यांदा वहीतून मान वर केली. अकराही राज्यांच्या वतीनं त्याच बोलत होत्या. त्यांनी तीन महिने दिले. मग चाचणी. चिठ्ठ्या टाकून निवडलेले त्र्याऐंशी श्वान आणि चंपी. दामोदरनं उघड्या गळ्यानं, जीव ओतून आज्ञा द्यायची. एक जरी श्वान बसला, तरी आठव्या दिवशी शस्त्रक्रिया. दामोदरनं त्या अटीखाली सही केली.

तीन महिने तो स्पंजच्या खोलीत बोलत राहिला. वर्तमानपत्र वाचायचा, चहा पुन्हा पाणचट झाल्याची तक्रार करायचा, मध्येच नऊ आज्ञा म्हणायचा, आणि दिवसातून दोनदा झील गायचा. ते सगळं अकरा राज्यांतल्या श्वानांच्या खोपट्यांत भोंग्यावरून वाजायचं, विनाकारण, बिनफळाचं. पट्टे उतरले होते. ज्याचा त्याचा माणूस आपापल्या भाषेत श्वानाशी बोलायला शिकत होता. एका गुरुवारी तो मंदाकिनीबाईंना म्हणाला, आयुष्यभर लोकांनी ऐकावं म्हणून गायलो, आता कुणी ऐकू नये म्हणून गातोय. त्या म्हणाल्या, देवाला मधे घेतलं तर दोन्हीत फार फरक नाही. मग लगेच म्हणाल्या, पण लवकर या.

चाचणीच्या सकाळी मैदानात चौऱ्याऐंशी श्वान आपापल्या माणसांच्या डाव्या हाताला उभे होते. कुंपणालगत मंदाकिनीबाई उभ्या होत्या. येताना त्यांनी नवऱ्याचं धुतलेलं धोतर आणि टोपी पिशवीत घालून आणली होती, घरी न्यायला म्हणून. दामोदरनं पट्टी काढून सेल्वीच्या हातात दिली. मनात सा धरला. आणि ओळीच्या पहिल्या टोकाला उभं राहून, सगळा कळवळा एकवटून म्हणाला, "बस."

चौऱ्याऐंशी श्वान तसेच उभे. कुणी जांभई दिली, कुणी माशीवर दात आपटले. दामोदर ओळीतून पुढे चालत गेला. दर दहा पावलांवर तीच आज्ञा. शेवटच्या टोकाला बसप्पा आणि चंपी होते. तिथे तो पोचला, तसंच म्हणाला, आणि चंपी बसली.

ती बसली आणि एका श्वासानंतर बसप्पा मोठ्यानं म्हणाला, "कुंद्रु." मग वाकून त्यानं तिचं अंग चोळलं. लांबून बघणाऱ्याला दिसलं ते एवढंच, की माणसानं आपल्या श्वानाला बसवलं. तांबोळी मॅडम हसल्या आणि वहीत काहीतरी लिहू लागल्या. बसप्पानं दामोदरकडे बघून अगदी थोडी मान हलवली. गप्प राहा, असं.

मागे मंदाकिनीबाईंनी पिशवी उचललेली दामोदरला दिसली.

त्याचा गळा मोकळा होता, उन्हं कोवळी होती, आणि फाटक चाळीस पावलांवर होतं. कुणाचं काय बिघडणार होतं? एका श्वानाचं. पण तो श्वान कुठे पहारा देणार, त्याच्या शेजारी कोण उभं राहणार, हे त्याला समोर दिसत होतं. देवळातही एकच वाक्य बोलायचं राहिलं होतं.

"मॅडम," तो म्हणाला, "ही त्याच्यासाठी नाही बसली. माझ्यासाठी बसली."

बसप्पानं कपाळाला हात लावला. चौबळांनी कागदाची घडी उघडली. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, एवढं खरं. सेल्वी धावत आली आणि सांगू लागली, की हे होतं, शास्त्रात याला नाव आहे. विझलेली सवय काही दिवस पडून राहिली की पुन्हा डोकं वर काढते, राखेखालच्या निखाऱ्यासारखी. चंपी सगळ्यांत आधी विझवलेली, तिच्यावर तीन महिने गेले, आणि बसप्पाच्या घरी भोंगा नव्हता; चूक आपलीच. पण दुसऱ्यांदा विझायला पहिल्याइतके दिवस लागत नाहीत.

तांबोळी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. सही झालेली आहे, तारीख आठव्या दिवसाची आहे, त्या म्हणाल्या. त्याआधी काय करायचं ते करा. त्या दिवशी सकाळी मी येते, शस्त्रक्रियेच्या आधी.

मंदाकिनीबाई फाटकाशी आल्या तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"कीर्तनात सांगायला सोपं असतं हो," त्या म्हणाल्या. "सत्य बोला, सत्य बोला. मी किती वेळा सांगितलं असेल. तुम्हाला आजच ऐकू यायचं होतं?"

दामोदरनं मग त्यांना दत्तजयंतीचं सांगितलं. श्वान का बसले, आपल्याला केव्हा कळलं, आणि आपण का बोललो नाही. सगळं, अंगणात उभं राहून. त्या म्हणाल्या, मी तीन गावांत सांगितलं तो चमत्कार. दामोदर म्हणाला, माहीत आहे. त्या पिशवी घेऊन गेल्या. पुढचा गुरुवार मधे आला, पण त्या आल्या नाहीत.

ते दिवस बसप्पा त्याच्याशी फारसं बोलला नाही. पण रोज सकाळी सातला चंपीला घेऊन यायचा. दामोदर 'बस' म्हणायचा आणि तोंड फिरवायचा. पहिल्या दिवशी ती चौदा वेळा बसली, दुसऱ्या दिवशी पाच वेळा. तिसऱ्या दिवशी बसलीच नाही. तरी ते थांबले नाहीत. सेल्वीच्या सांगण्यावरून चौथा दिवस कोरडा सोडला, निखारा आहे का बघायला. पाचव्या दिवशी चंपी अर्धी वाकली आणि परत उभी राहिली. त्या दिवशी बसप्पानं आपल्या डब्यातली अर्धी भाकरी दामोदरपुढे सरकवली. सहावा, सातवा दिवस ती उन्हात लोळत राहिली.

आठव्या सकाळी फाटकाबाहेर रुग्णवाहिका उभी होती. तांबोळी मॅडमनी खुर्ची नाकारली. आज माझ्यासमोर, मी सांगेन तितक्या वेळा, त्या म्हणाल्या.

त्यांनी एकोणीस वेळा सांगितलं. जवळून, लांबून, पाठीमागून. बोलून आणि गाऊन. त्यांनी आपल्या फोनवर आणलेली ती देवळातली फीतही लावली. मैदानभर झील घुमली. दामोदरनं वर्षभरानं आपला सूर मोकळ्या हवेत ऐकला. चांगला लागला होता, त्याला वाटून गेलं, आणि त्याची त्याला लाजही वाटली. चंपी एका काळ्या किड्याच्या मागं नाक घासत चालली होती. किडा दगडाखाली गेला, तेव्हा ती दगडाला पंजानं ढकलू लागली.

"बसप्पा," मॅडम म्हणाल्या.

बसप्पानं आवाजही चढवला नाही. बायकोला पाणी मागावं तसं तो 'कुंद्रु' म्हणाला. चंपीनं दगड सोडला आणि बसली, त्याच्याकडे तोंड करून.

मॅडमनी चौबळांच्या हातातला कागद घेतला, त्यावर तिरपं 'आवश्यकता नाही' असं लिहून सही केली, आणि रुग्णवाहिकेला जायला सांगितलं. बसप्पानं डाव्या हातानं दामोदरचा हात धरला. आता तुमचं कुणी ऐकत नाही काका, तो म्हणाला. त्याला हसू आवरेना.

दामोदर फाटकाकडे निघाला. दोन्ही बाजूंना खोपट्यांच्या रांगा होत्या, दीडएकशे श्वान असतील, कुणी खात होतं, कुणी झोपलं होतं. रुग्णवाहिका वळली तेव्हा तिच्यामागं उभी असलेली मंदाकिनी त्याला दिसली. तिची पाठ होती. काय झालं हे तिला अजून कळलं नव्हतं. गाडी नवऱ्याला घेऊन चालली असं समजून ती तिच्यामागं चार पावलं भरभर गेली, गुडघा आखडून, आणि थांबली.

"मंदा," दामोदरनं हाक मारली. मोकळ्या गळ्यानं, माळभर जाईल अशी.

दीडशेतल्या एकाही श्वानानं कान हलवला नाही. तिनं मात्र वळून पाहिलं.